स्टुडिओ बंद झाला, मग आपली किंमत कोण ठरवणार?

२४ फेब्रुवारी २०१३च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये 'लाइफ ऑफ पाय' या सिनेमाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्यातला होडीतला वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावर घडवलेला होता. तो घडवणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या स्टुडिओने त्याआधी दोन आठवडेही झाले नसताना दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि शेकडो माणसांना घरी पाठवलं होतं. सोहळा आत चालू असताना बाहेर व्हीएफएक्स (म्हणजेच व्हिज्युअल इफेक्ट्स) कलाकार फलक घेऊन उभे होते. आत व्यासपीठावर सुपरवायझर बिल वेस्टनहोफर स्टुडिओच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तेवढ्यात वाद्यवृंद सुरू झाला आणि त्यांचा माइक बंद झाला. या स्टुडिओच्या शाखा मुंबई आणि हैदराबादलाही होत्या, त्यामुळे ती बातमी इथल्या अनेक घरांतही धडकली.

एकाच महिन्यात, त्याच माणसांच्या कामाला जगातला सर्वोच्च मानला जाणारा पुरस्कार मिळाला आणि त्याच माणसांच्या नोकऱ्या गेल्या. जाहिरात, ॲनिमेशन, वृत्तपत्र, टीव्ही, गेम्स, डिझाइन अशा कुठल्याही क्षेत्रात नोकरी गमावलेल्या माणसाने हा प्रसंग नीट उलगडून पाहावा असं मला मनापासून वाटतं. कारण नोकरी गेली की मन लगेच निकाल देऊन टाकतं, 'मीच कमी पडलो.' हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो. पण नुसतं 'असा विचार करू नकोस' म्हणून तो बदलत नाही. धंद्याचा हिशेब कसा चालतो आणि मनाचा कसा चालतो, हे दोन्ही कळलं की तो हळूहळू सैल होतो.

आधी धंद्याचा हिशेब

व्हीएफएक्समध्ये स्टुडिओला काम बहुधा ठरावीक रकमेत मिळतं. इतके शॉट, इतके पैसे, अमुक तारखेला डिलिव्हरी. मग संकलन करताना दिग्दर्शकाला वाटतं की आकाश संध्याकाळचं हवं होतं, किंवा प्राणी जरा वेगळा वळायला हवा. त्यासाठी लागणारे जादा तास अनेकदा स्टुडिओच्याच अंगावर पडतात. शिवाय लंडन, व्हँकुव्हर, माँट्रियल इथली सरकारं सिनेमाच्या कामाला करसवलत देतात, त्यामुळे काम सवलतीच्या मागे एका शहरातून दुसऱ्या शहरात जातं. भाव पाडून काम घ्यायची स्पर्धा असते आणि हातात उरणारा नफा अगदी पातळ. एखादा मोठा सिनेमा दोन-तीन महिने पुढे ढकलला गेला, तरी पगार कुठून द्यायचे हा प्रश्न उभा राहतो. 'रिदम अँड ह्यूज'ने त्याआधीही दोन सिनेमांसाठी व्हिज्युअल इफेक्ट्सची ऑस्कर मिळवली होती. कसब भरपूर होतं, पण धंद्याची घडीच अशी होती की ते कसब स्टुडिओला वाचवू शकलं नाही.

अलीकडचंच पाहा. मे २०२३ मध्ये हॉलिवुडचे लेखक संपावर गेले आणि जुलैमध्ये अभिनेते. चित्रीकरणच थांबलं, तर पुढे शॉट कुठून येणार? तिकडचा संप मिटला तरी इकडच्या स्टुडिओंतली ओढाताण मिटली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'टेक्निकलर' हा समूह कोसळला. 'एमपीसी' आणि 'द मिल' हे नावाजलेले स्टुडिओ त्याचेच. बंगळूर आणि मुंबईतल्या त्यांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या हजारोंवर एकदम गदा आली. यांतल्या कुणाचं रोटो (फ्रेममधल्या माणसाची किंवा वस्तूची कड आखून ती वेगळी करणं) वाईट होतं किंवा कुणाचं लाइटिंग ढिसाळ होतं म्हणून हे झालं नाही. जाहिरात संस्थेतही तेच असतं. क्लायंट दुसरीकडे गेला की त्या खात्यावर काम करणारी सगळी टीम मोकळी होते. २०२०च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांच्या आवृत्त्या आणि पुरवण्या बंद झाल्या, तेव्हा उत्तम मथळे देणारे उपसंपादकही घरी बसलेच.

कामावरून कमी करायच्या लोकांची यादी जेव्हा बनते, तेव्हा तिच्यात कुठला शो, म्हणजे कुठल्या सिनेमाचं काम संपलं, कुणाचं कंत्राट कधी संपतं, कुणाचा पगार किती असे रकाने असतात. तुमच्या सर्वात सुंदर कामासाठी त्या यादीत रकानाच नसतो.

कुणाला खरोखर कामातल्या उणिवेमुळेच काढलं असेल तर? तसंही होतं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हाही जमली नाही ती विशिष्ट गोष्ट, विशिष्ट ठिकाणी, विशिष्ट मुदतीत. ती गोष्ट नावानिशी लिहून काढता येते, शिकता येते किंवा टाळता येते. 'माझ्यात दम नाही' या वाक्याचं काहीच करता येत नाही.

मग इतकं लागतं का?

कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये बेमालूम जोडण्याचं काम, करणाऱ्या माणसाचा एक दिवस जवळून पाहू. हिरव्या पडद्यासमोर एक मुलगी उभी आहे, केस वाऱ्यावर उडताहेत. पडदा काढून मागे समुद्र बसवायचा आहे. पडद्याचा हिरवा उजेड केसांच्या कडांवर उतरलेला असतो. तो काढताना बारीक केसच उडून गेले तर डोकं कातरून चिकटवल्यासारखं दिसतं, आणि ठेवले तर हिरवट झाक राहते. हा माणूस एकेका बटेसाठी वेगळा उपाय करतो, समुद्राचा उजेड केसांत थोडासा मुरवतो, आणि चोवीस फ्रेम्स पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो. दुसऱ्या दिवशी डेलीजमध्ये, म्हणजे रोजचं काम तपासायच्या बैठकीत, तो शॉट मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर लागतो. सुपरवायझर म्हणतो, 'डावी कड अजून कापल्यासारखी वाटतेय.' शॉट परत येतो. पुन्हा काम, पुन्हा डेलीज. मग एका दिवशी 'अप्रूव्ह्ड' म्हटलं जातं.

वर्षानुवर्षं असं चाललं की आपण बरे आहोत की नाही हे कळण्याची जागाच डेलीजची खोली होऊन बसते. हिशेबनीसाचा ताळेबंद जुळला की जुळला, ते त्याला स्वतःलाच कळतं. इथे मात्र 'चांगलं' हे कुणीतरी म्हणावं लागतं. आणि जे दाखवलं जातं ते आपल्या नजरेतून, आवडीनिवडीतून आलेलं असतं, त्यामुळे कामावरचा शेरा आपल्यावरचाच वाटतो.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर क्रॉकर यांनी नेमका याचाच अभ्यास केला. माणूस आपली किंमत कशावर टांगून ठेवतो, हा त्यांचा प्रश्न. कुणी ती यशावर टांगतो, कुणी दिसण्यावर, कुणी लोकांच्या पसंतीवर, कुणी घरच्यांच्या प्रेमावर, कुणी सचोटीने वागण्यावर, तर कुणी देवावरच्या श्रद्धेवर. उच्च शिक्षणासाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची त्यांनी नोंद ठेवली. स्वीकार-पत्र आलं की स्वतःबद्दलचं मत वर जायचं, नकार आला की खाली. ज्यांनी सगळी भिस्त अभ्यासातल्या यशावर ठेवली होती, त्यांच्यात हे वरखाली होणं जास्त होतं. यातून आपल्याला घेण्यासारखं असं की नोकरी गेल्यावर कोसळणं हा तुमच्या स्वभावाचा दुबळेपणा नसून सगळं वजन एकाच खुंटीला लावल्याचा परिणाम आहे. आणि सर्जनशील क्षेत्रात ते वजन तिथेच लावायला आपल्याला शिकवलेलं असतं. 'पॅशन हवी' हे वाक्य पहिल्या मुलाखतीपासून कानावर पडतं.

दुसरं एक संशोधन मला याहून महत्त्वाचं वाटतं, कारण ते नोकरी शोधताना होणाऱ्या जखमेबद्दल बोलतं. समाजशास्त्रज्ञ ओफर शॅरोन यांनी अमेरिका आणि इस्रायल इथल्या बेरोजगार पांढरपेशांची तुलना केली. दोन्हीकडे नकार सारखेच पचवावे लागत होते. पण इस्रायलमधले लोक व्यवस्थेला दोष देत आणि अमेरिकेतले स्वतःला. फरक भरतीच्या पद्धतीत होता. इस्रायलमध्ये भरती मुख्यतः कौशल्यांची यादी आणि चाचण्या यांवर चाले, म्हणजे नकार आला तर एखादा रकाना जुळला नाही असं समजायचं. अमेरिकेत मात्र 'तुमचं आमचं जुळतंय का' याला मोठं वजन, म्हणून नकार आला की आपणच कुणाला नको आहोत असं वाटायचं. आपल्याकडची सर्जनशील क्षेत्रातली भरती कुठल्या प्रकारची असते, ते सांगायला नको. शो-रील (आपल्या निवडक कामाची चित्रफीत), मग गप्पा, मग 'व्हाइब'. अनेकदा तर उत्तरच येत नाही. शंभर ठिकाणी शो-रील पाठवून शांतता मिळाली तर माणूस स्वतःवर शंका घेणारच. त्या शांततेचा अर्थ बहुधा 'शो मिळाला नाही, जागा गोठवली' एवढाच असतो, पण तो कळवायची तसदी कुणी घेत नाही. ही भरती करणाऱ्यांची उघड बेपर्वाई आहे, आणि तिला तसंच म्हणायला हवं.

मारिएन्थाल आणि गिरणगाव

नोकरी जाते तेव्हा पगाराबरोबर आणखी काय जातं, याचा फार जुना आणि फार चांगला अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव आहे. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. मंदीच्या काळात, १९२९-३०च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण संशोधक तिथे गेले आणि १९३३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले.

त्यांना वाटलं होतं की मोकळा वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, एकत्र येतील. झालं उलटच. ग्रंथालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. मंडळांच्या बैठका ओस पडल्या. एक संशोधक खिडकीत घड्याळ घेऊन बसला आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेग मोजू लागला. पुरुष रेंगाळत चालायचे, मध्येच थांबायचे. बायका मात्र झपाझप जायच्या, कारण गिरणी बंद पडली तरी चूल बंद पडली नव्हती आणि त्यांच्या दिवसाला काही आकार शिल्लक होता. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलं, हे बऱ्याच पुरुषांना सांगताच येत नव्हतं.

पुढे याहोडा यांनी यातून मांडलं की पगाराखेरीज नोकरी आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, एकट्याच्या आवाक्यापलीकडच्या कामात वाटा, समाजात सांगता येईल अशी ओळख आणि हातांना नेमाचं काम. आपण यांतल्या ओळखीबद्दलच हळहळत बसतो, पण खच्चीकरण पाचही बाजूंनी होत असतं. दुपारी अडीच वाजता पलंगावर पडून 'मी कुचकामी आहे' असं वाटतं, तेव्हा त्या वाटण्यात विस्कटलेल्या दिवसाचा वाटा मोठा असतो.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी कित्येकांना पुन्हा गिरणीचं तोंड दिसलं नाही. आज त्याच परळ-लोअर परळच्या कमला मिल, तोडी मिल अशा आवारांत माध्यमांची, जाहिरातीची आणि डिझाइनची कार्यालयं थाटलेली आहेत. ज्या घरात आजोबांची गिरणी बंद पडली, त्याच घरातला नातू आता लॅपटॉप परत करून येतो आहे. त्या पिढीतल्या अनेकांनी हे दुःख गिळून टाकलं, घरात त्याबद्दल बोलणंच झालं नाही. या पिढीने तरी बोलावं.

सुरुवात कुठून करायची

माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे कामाची वही. ही बायोडेटासाठी नाही, स्वतःसाठी. आठवतील तेवढे शॉट, जाहिराती, पानं, जे काही केलं ते एकेक घेऊन तीन ओळी लिहायच्या. अडचण काय होती, मला काय दिसलं, मी काय केलं. 'पावसातला माणूस, गवतातून पळतोय, गवताच्या पात्यांमागे पाय दिसतात-लपतात. सगळ्यांनी पाय काढले, मी आधी गवताचे थर वेगळे केले.' एवढं पुरे. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की तुमची नजर कशी काम करते, ते कागदावर दिसायला लागतं. आउटसोर्स कामात पडद्यावरच्या श्रेयनामावलीत नाव येतंच असं नाही. अनेकांनी मोठमोठ्या सिनेमांत राबून एकदाही स्वतःचं नाव पडद्यावर पाहिलेलं नसतं, आणि हा अन्याय वर्षानुवर्षं आत साचत जातो. वहीने तो दूर होत नाही, पण काम तुमचंच आहे याचा पुरावा तुमच्याजवळ राहतो. शो-रील करताना मात्र गोपनीयतेचा करार तपासा. प्रदर्शित न झालेल्या सिनेमाचे शॉट वापरू नका, आणि प्रत्येक शॉटखाली आपण नेमकं काय केलं ते प्रामाणिकपणे लिहा.

दुसरं लिहिणं वेगळ्या प्रकारचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये नोकरी गेलेल्या पांढरपेशांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना सलग काही दिवस रोज थोडा वेळ नोकरी जाण्याबद्दल मनात असेल ते सगळं लिहायला सांगितलं. काहींनी फक्त दिवसाचं नियोजन लिहिलं, तर काहींनी काहीच लिहिलं नाही. पुढच्या महिन्यांत मनातलं लिहिणाऱ्यांना नोकऱ्या लक्षणीय प्रमाणात जास्त मिळाल्या, आणि तेही त्यांनी इतरांपेक्षा जास्त अर्ज न करता. संशोधकांचा अंदाज असा की राग कागदावर उतरल्यामुळे तो मुलाखतीत सोबत आला नाही. प्रयोग छोटा होता, त्याला मंत्र समजू नये. पण वही आणि पेनाला खर्च नाही. कुणाला दाखवायचं नसतं, शुद्धलेखन पाहायचं नसतं. त्या एचआरबद्दल काय वाटलं तेही लिहा.

दिवसाचा आकार पुन्हा बांधावा लागतो, आणि तो मोठ्या संकल्पांनी बांधला जात नाही. ठरलेल्या वेळी आंघोळ, ठरलेल्या वेळी घराबाहेर. सार्वजनिक वाचनालयं आणि अभ्यासिका आपल्याकडे गावोगावी आहेत, तिथे सकाळचे तीन तास बसा. नोकरीचे अर्ज तेवढ्या वेळातच करायचे, रात्री बारा वाजता फोनवर नाही.

टीमच्या माणसांना सोडू नका. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिले आठवडाभर धावपळ असते, मग तो थंडावतो, कारण सगळ्यांनाच आपली परिस्थिती सांगायची लाज वाटते. चार-पाच जणांनी आठवड्यातून एकदा भेटून एकमेकांचं काम पाहायचं ठरवलं तर डेलीजमधली खरी मौल्यवान गोष्ट, म्हणजे जाणकार नजर, पगाराशिवायही मिळत राहते. गाण्याच्या भजनी मंडळात किंवा सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीत हात घालण्यानेही फरक पडतो. तिथे तुमचं पद कुणी विचारत नाही, तुम्ही आलात याचंच बरं वाटतं. क्रॉकर यांच्या भाषेत सांगायचं तर वजनासाठी आणखी एक खुंटी मिळते.

घरचे आणि बाहेरचे

सर्वात अवघड प्रश्न लग्नात किंवा सत्यनारायणाच्या पूजेत येतो. 'काय, सध्या कुठे?' उत्तर आधी तयार ठेवावं, आणि ते खरं असावं. 'काका, कंपोझिटिंग करतो. आमचा स्टुडिओ बंद झाला, नवीन काम बघतोय. कुठे ओळख असेल तर सांगा.' यात आधी हुन्नर येतं, मग घटना, मग पुढचं. लपवलं तर प्रत्येक समारंभ टाळावा लागतो, आणि माणसं तुटतात ती अशीच.

आईवडिलांना एक विनंती. 'तेव्हाच सांगत होतो, इंजिनिअरिंग कर' हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी या महिन्यांत गिळा. ते वाक्य मुलाच्या मनात आधीच दिवसातून दहादा वाजत असतं. संध्याकाळी दार उघडताच 'काही झालं का?' विचारू नका. झालं असेल तर सर्वात आधी तो किंवा ती तुम्हालाच सांगणार आहे. त्याऐवजी एखादं केलेलं काम दाखवायला सांगा. इतक्या वर्षांत मुलीने नेमकं काय केलं हे अनेक आईबाबांनी कधी पाहिलेलंच नसतं.

पैशाबद्दल घरात एकदा बसून आकडे मांडा. शिल्लक किती, हप्ते किती, किती महिने निघतील. जोडीदारापासून आकडा लपवला की भीती दोघांचीही वाढते, कारण समोरच्यालाही काहीतरी बिनसलंय हे कळतच असतं.

आणि झोप, भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणं नको असं वाटत असेल, तर वही आणि वाचनालयावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. ती चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

क्षेत्रच सोडावं लागलं तर

याबद्दल फार कमी बोललं जातं. रोटो, पेंट, फ्रेममधली साफसफाई यांसारखी कामं आता सॉफ्टवेअर झपाट्याने करू लागलं आहे. काही कौशल्यांचा बाजारभाव खरोखरच उतरतो आहे, आणि 'टिकून राहा, सगळं पूर्ववत होईल' असं सांगणं फसवणुकीचं होईल. काहीजण गेम्सकडे, वैद्यकीय ॲनिमेशनकडे, वास्तुरचनेच्या चित्रणाकडे किंवा शिकवण्याकडे वळतील. काहीजण बँकेत किंवा घरच्या दुकानात जातील. क्षेत्र बदललं की 'मी कलाकार राहिलो नाही' ही टोचणी लागते, आणि जुन्या सहकाऱ्यांच्या नव्या सिनेमांची पोस्टरं पाहवत नाहीत.

पण हप्ते भरण्यासाठी घेतलेली साधी नोकरी ही हार नाही. आपल्या साहित्यात, चित्रकलेत आणि नाटकात दिवसा बँकेत, पोस्टात, शाळेत काम करून संध्याकाळी आपलं काम करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. मराठी प्रायोगिक रंगभूमी कित्येक वर्षं अशाच नोकरदारांनी चालवली. ऑफिस सुटल्यावर तालमीला येणाऱ्या त्या नटांना ऑफिसातल्या हुद्द्यावरून कुणी नट म्हणत नव्हतं. त्यांची नोकरी घर चालवत होती, आणि रंगमंचावर काय करायचं, किती करायचं हे तेच ठरवत होते. तुम्हालाही तसंच ठरवता येईल, कदाचित लगेच नाही, वर्षभराने. तोवर वहीतल्या नोंदी पुऱ्या करा आणि आठवड्याच्या ठरलेल्या संध्याकाळी त्या चार-पाच जणांना भेटायला जा.